नक्षीची रेघ आणि कापडाचा आधार

हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनात भरतकामाच्या मेजापाशी पालकांची गर्दी नेहमीच मोठी असते. रंग किती खुलले, टाके किती बारीक पडले, याची वाखाणणी होते व ती योग्यही आहे. परंतु ती नक्षी कापडावर कशाने उतरविली आणि टाके घालताना कापडास आधार कशाचा दिला, हे आजवर आम्हांस फारच थोड्यांनी विचारले. वस्तुतः भरतकाम पहिल्या धुण्यानंतर टिकेल की विटेल, हे पुष्कळ अंशी या दोन न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. यास्तव त्यांविषयी आमचे मत विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलीने आपल्या आजीसाठी उशीच्या दोन पांढऱ्या अभ्र्यांवर जाईची वेल भरावयास घेतली. नक्षी तिने पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईच्या पेनाने काढली होती. मधल्या सुट्टीत बसून चार महिन्यांत तिने काम पुरे केले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही तिला, "बाळ, उद्या इस्त्री करून आण," एवढेच सांगितले. आधी थंड पाण्यात बुडवून रेघा घालविण्यास सांगावयाचे आमच्या ध्यानात राहिले नाही. उष्णतेने ती शाई कापडात पक्की बसली व पाकळीपाकळीच्या कडेस तपकिरी रेघ उमटली. ती पुढे कशानेही गेली नाही. मुलगी काही बोलली नाही. तिने अभ्रे घडी घालून पिशवीत ठेविले. तिच्या टाक्यांत काडीचाही दोष नव्हता. दोष होता तो आमच्या शिकवणीत, कारण आम्ही टाके शिकविले आणि साहित्य शिकविण्याचे राहिले.

तेव्हापासून आम्ही एकच नियम सांगत आलो आहो : रेघ काढण्यापूर्वी ती कशी जाईल हे ठरवावे. हा नियम आमचा नव्हे. आपल्या देशातील कारागीर तो पूर्वीपासून पाळीत आले आहेत. लखनौच्या चिकनकामात लाकडी ठशांनी नक्षी उठवितात, ती धुताच निघून जाणाऱ्या कच्च्या रंगाने. जरीकाम करणारे कारागीर कागदावरील नक्षीस सुईने बारीक भोके पाडून खाका तयार करितात व त्यावरून रॉकेलात कालविलेली पूड फिरवून ठिपके उतरवितात. रॉकेल उडून जाते व पूड तेवढी राहते. धारवाडकडील कसुतीत तर रेघच नाही. विणीचे धागे मोजून टाका घालावयाचा. प्रत्येक ठिकाणी कापड पाहून खूण निवडलेली आहे.

आता आपल्या पिशवीतील साहित्याकडे पाहू. साध्या पेन्सिलीची रेघ सोपी खरी. परंतु शिसे धाग्यास लागून पांढरा धागा मळकट होतो. कचेरीतील कार्बन कागद तर वापरूच नये, कारण त्याचा मेणकट डाग धुण्यास दाद देत नाही. शिवणकामाचा कार्बन निराळा मिळतो, तो घ्यावा. जांभळ्या शाईची रेघ हवेने आपोआप उडते, परंतु एक-दोन दिवसांतच; पावसाळी दमट हवेत त्याहूनही लवकर. म्हणून ती लहान कामासच बरी. उष्णतेने नाहीशी होणारी शाई सुमारे ६० अंश सेल्सिअसला दिसेनाशी होते, पण शून्याखाली १० ते २० अंशांच्या थंडीत पुन्हा प्रकट होते. म्हणजे ती गेलेली नसते, लपलेली असते. इस्त्रीने उमटविण्याच्या पेन्सिलीची रेघ कायमची असते व नक्षी उलटी उमटते. नाव भरावयाचे असल्यास अक्षरे आधी उलटी काढावी लागतात.

या सर्वांत आम्हांस अधिक भरवशाची वाटते ती जुनी रीत. पातळ कागदावर नक्षी उतरवावी, तो कागद कापडावर ठेवून रेघेरेघेने धावदोरा घालावा व मग कागद अलगद फाडून काढावा. वेळ थोडा अधिक जातो खरा, पण लोकरीवर, काळ्या कापडावर, कोठेही ही रीत चालते. शाईचा प्रश्नच उरत नाही.

आधाराविषयी आमचे मत असे की, तो लागेल तेवढाच द्यावा. घट्ट विणीचे सुती कापड रिंगमध्ये नीट ताणले असता हातच्या भरतकामास बहुधा निराळा आधार लागत नाही. कोरे कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे ते मागून आटून टाके चुरगळणार नाहीत. सुती कापड पातळ असेल तर आपल्या घरची तांदळाची खळ पुरे. काम झाल्यावर ती धुण्यात निघून जाते. त्याहून नाजूक कापडास मागून मलमलीचा तुकडा कच्च्या टाक्यांनी जोडावा. ताणले जाणारे बनियनचे कापड असल्यास मात्र मागे न ताणणारे अस्तर हवेच. फाडून काढावयाचे जाड अस्तर हातच्या टाक्यांस आम्ही सुचवीत नाही, कारण ते ओढताना टाकेही ओढले जातात. पाण्यात विरघळणारे अस्तर सोयीचे आहे. त्यावर नक्षी काढून वरून लावता येते. परंतु जे कापड पाण्यात घालावयाचे नाही, त्यास ते लावणे म्हणजे पुढची अडचण विकत घेणे होय.

कित्येक पालक म्हणतील, "इतका खटाटोप कशास? नक्षी छापलेले तयार कापड बाजारात मिळते." मिळते खरे, व आजारी किंवा अगदी लहान मुलास ते देण्यास आमची हरकत नाही. परंतु त्यावरील छाप धुण्याने जाईल की टाक्यांखाली झाकावा लागेल, हे मुलास ठाऊक नसते. आणि कापड, धागा व नक्षी यांचा मेळ घालण्याचा विचार दुसऱ्यानेच केलेला असतो. चित्रकला कच्ची आहे ही सबबही खरी नाही. खिडकीच्या काचेवर कागद व कापड धरून रेघ गिरविण्यास चित्रकार असावे लागत नाही.

यास्तव आमची सूचना अशी की, पुढील प्रदर्शनात प्रत्येक भरतकामासोबत त्याच कापडाचा वीतभर तुकडा मांडावा. त्यावर तीच रेघ काढून, तोच धागा घालून, तो आधी धुतलेला व मग इस्त्री केलेला असावा. परीक्षकांनी तो तुकडा व कामाची उलट बाजू पाहिल्यावाचून गुण देऊ नयेत. यास खर्च काहीच नाही. एक संध्याकाळ मात्र लागेल.

त्या मुलीने पुढील वर्षी दुसरे अभ्रे भरले, पातळ कागद व धावदोरा वापरून. ते आणून दाखविताना तिने धुतलेला तुकडा आमच्या हाती प्रथम दिला व अभ्रे मागाहून. त्या वर्षी आम्हांस मिळालेले बक्षीस तेच होते.