निष्ठेची किंमत कोणी मोजायची?

खेळाडूच्या कारकिर्दीविषयी लिहिताना चरित्रकाराला दोन सोप्या वाटा मोहवतात. एक चषकांची मोजदाद करते, तर दुसरी निष्ठेची पोथी रचते. अर्जेंटिनाचा आघाडीपटू गॅब्रिएल बाटिस्टुटा या दोन्हींच्या चौकटीत मावत नाही. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याच्याकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

बाटिस्टुटा १९९१ मध्ये बोका ज्युनियर्स सोडून इटलीत, फ्लोरेन्स शहराच्या फिओरेंटिना संघात आला. त्याच वर्षीच्या कोपा अमेरिका स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचे होते. १९९३ मध्ये फिओरेंटिनाची दुय्यम श्रेणीत घसरण झाली. अशा वेळी नावाजलेले खेळाडू दुसरे घर शोधतात. हा थांबला, आणि पुढच्याच हंगामात संघ पुन्हा वर आला. १९९४-९५ मध्ये २६ गोल करून तो इटलीच्या प्रथम श्रेणीत अव्वल ठरला. १९९६ मध्ये संघाने इटालियन चषक जिंकला. लीगचे विजेतेपद मात्र त्याच्या नऊ वर्षांत फ्लोरेन्सला मिळाले नाही. अखेर २००० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो रोमा संघाकडे गेला.

पोथी लिहिणाऱ्याची इथे पंचाईत होते. या जाण्याला फितुरी म्हणावे काय? नोव्हेंबर २००० मध्ये रोमा आणि फिओरेंटिना समोरासमोर आले. सामन्यातला एकमेव गोल बाटिस्टुटाने केला. सहकारी त्याला मिठ्या मारत होते. तो मात्र आनंदला नाही, त्याचे डोळे भरून आले होते. त्याच हंगामात, २००१ मध्ये, रोमा विजेता झाला आणि त्याच्या २० गोलांचा त्यात मोठा वाटा होता.

आमच्या मते त्याच्या निष्ठेचा खरा पुरावा थांबण्यात नाही, त्या गोलात आहे. त्याने नव्या संघाचे काम चोख बजावले आणि जुन्या नात्याचे दुःखही लपवले नाही. दोन ऋणे एकाच क्षणी मान्य करणे हे जन्मभर एका जागी राहण्यापेक्षा अवघड आहे.

पण हे कौतुकही अपुरे आहे. २००५ मध्ये निवृत्त झालेल्या बाटिस्टुटाने २०१४ साली जाहीरपणे सांगितले, की खेळ थांबल्यावर घोट्यांच्या वेदना इतक्या असह्य झाल्या, की आपले पाय कापून टाकावेत अशी विनवणी त्याने डॉक्टरांना केली होती. ज्या पायांच्या फटक्यांवर प्रेक्षागारे डोलली, ते पाय त्याला नकोसे झाले होते.

विक्रमांचे काय, ते पुढे सरकतात. विश्वचषकातील त्याचे १० गोल हा अर्जेंटिनाचा उच्चांक होता. २०२२ मध्ये मेस्सीने तो ओलांडला. वेदना मात्र ज्याची त्यालाच भोगावी लागते.

चरित्रनायकाकडून त्याग मागण्याची आपणा वाचकांची सवय जुनी आहे. त्याने थांबावे, झिजावे, आणि आपण गहिवरावे. या व्यवहारात आपल्या पदरचे काहीच जात नाही. म्हणून आम्ही एवढेच सुचवतो: कोणाच्या निष्ठेचे गोडवे गाण्यापूर्वी तिची किंमत कोणाच्या शरीराने चुकती केली, हे आधी विचारावे. ज्या चरित्रात हा प्रश्न नाही, ते आमच्या लेखी अपुरे आहे.