गिरणी आणि मैदान

हल्लींच्या मुलांना खेळाडूच्या खेळापेक्षां त्याची किंमत अधिक पाठ असते. २०२४ च्या नोव्हेंबरांत लखनौच्या संघानें ऋषभ पंत यांस २७ कोटि रुपयांस घेतलें, हें घडाघडा सांगणारीं मुलें वाचकांच्याही घरीं असतील. वडील मंडळी म्हणतात, खेळाचा बाजार झाला. बाजार खराच, परंतु केवळ बाजारासाठीं कोणी आपली सुटीची दुपार उन्हांत घालवीत नाहीं. या ओढीचें मूळ शोधावयाचें तर इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत जावें लागतें.

१८५० च्या कायद्यानें तेथील कापडगिरण्यांतील स्त्रियांचें व अल्पवयी कामगारांचें काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें. त्यांच्यावांचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही हळूहळू ती सुटी लाभली. मग गांवोगांव फूटबॉलचे संघ निघाले. ३१ मार्च १८८३ रोजीं लंडनमध्यें 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक' संघानें 'ओल्ड एटोनियन्स'चा २-१ असा पराभव करून चषक जिंकला. एका बाजूस ईटनच्या खानदानी शाळेचे माजी विद्यार्थी. दुसरीकडे विणकर, सूत कातणारा, ओतकामाचे मजूर! गिरणींतल्या कापडावर विणकराचें नांव नसतें. नफा कोणाच्या कष्टाचा, हें हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. मैदानावर मात्र गोल ज्यानें केला तो हजारोंच्या डोळ्यांदेखत केला, आणि सरदारपुत्रालाही नियम तोच. आठवडाभर न मिळणारा न्याय तेथें दोन तास मिळे. आमच्या मतें त्या वेडाचें खरें कारण हेंच.

हा न्यायही फुकटचा नव्हता. सामन्यापूर्वीं ऑलिंपिकच्या खेळाडूंना ब्लॅकपूल येथें समुद्रकांठीं सरावास नेलें, त्यासाठीं शहरांतीलच एका ओतकारखान्याच्या मालकानें पैसा दिला होता. १८८५ सालीं पगारी खेळाडू ठेवण्यास मान्यता मिळाली. १८८८ सालीं बारा संघांची 'फूटबॉल लीग' निघाली. तींत ब्लॅकबर्नचा घेतला गेला तो 'रोव्हर्स' हा अधिक पैसेवाला संघ. चषक जिंकून आणणारा ऑलिंपिक १८८९ सालीं बंद पडला, खर्च पेलेना. पुढें १९०१ सालीं, खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक द्यावयाचे नाहींत, असें ठरलें. आंकडा मागाहून वाढला, पण कमाल मर्यादा १९६१ पर्यंत सुटली नाहीं. बाराही महिने भाव ठरविणारे मालक येथें मात्र भाव बांधून बसले !

प्रेक्षक तरीही हटले नाहींत. चार पौंड मिळविणारा तो खेळाडू बहुधा त्यांच्याच आळींत राहत असे.