घटस्थापनेपर्यंत वेष्टने उतरवा

पुण्यातल्या सर्व सुपरमार्केटांच्या मालकांना आणि व्यवस्थापकांना हा जाहीर इशारा आहे. येत्या घटस्थापनेच्या आत तुमच्या दुकानातल्या फळांवरचे आणि भाज्यांवरचे प्लास्टिक उतरले नाही, तर आमच्या सोसायट्यांचा दिवाळीचा किराणा तुमच्याकडून भरला जाणार नाही. आणि आम्ही तेवढ्यावर थांबणारही नाही.

मक्याचे कणीस पानांत गुंडाळलेलेच शेतातून येते. तुम्ही ती पाने सोलून टाकता, कणीस थर्माकोलच्या ट्रेमध्ये ठेवता आणि वरून प्लास्टिकची फिल्म ताणून बसवता. सोललेला नारळ फिल्ममध्ये, चार ढोबळ्या मिरच्या ट्रेमध्ये, कोथिंबिरीची जुडी पिशवीत, केळीसुद्धा पिशवीत. ‘एकावर एक फ्री’ असेल तर दोन पिशव्यांना मिळून तिसरे वेष्टन. आम्ही घरून कापडी पिशवी आणतो, तर दाराशी तिचे तोंड प्लास्टिकच्या पट्टीने आवळले जाते. ती पट्टी घरी कात्रीने कापायची आणि कचऱ्यात टाकायची. डबा पुढे केला तर सिस्टीममध्ये बसत नाही, असे उत्तर मिळते. हा अनुभव आमच्यातल्या प्रत्येक घराचा आहे.

वेष्टनामुळे भाजी टिकते, असे तुम्ही सांगता. परदेशातून येणाऱ्या फळांच्या बाबतीत ते खरे असेल. पण नारायणगावचा टोमॅटो आणि पुरंदरचा वाटाणा काही तासांत पुण्यात पोचतो, आणि मंडईत तो उघडाच विकला जातो. तेल, दूध, दही वेष्टनाशिवाय विकता येत नाही हे आम्हालाही कळते. त्याविषयी आमची आज मागणी नाही. फळांच्या आणि भाज्यांच्या वेष्टनाचे कारण मात्र वेगळे आहे. वेष्टनावर बारकोड चिकटवता येतो, वजनकाट्यावर माणूस ठेवावा लागत नाही आणि ज्याला पाव किलो हवे त्याला अर्धा किलो घेणे भाग पडते. पैसे तुमचे वाचतात आणि कचरा शहराच्या वाट्याला येतो.

तो कचरा हाताने निवडणारी माणसे आहेत. कचरावेचकांचे घर भंगाराच्या विक्रीवर चालते. बाटलीला भाव मिळतो, पुठ्ठ्याला मिळतो. भाजीचे पाणी लागलेली फिल्म आणि फुटका थर्माकोल भंगारवाला घेत नाही. म्हणजे ते वेचायचे, वाहायचे आणि मोबदला शून्य. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या गावकऱ्यांनी या शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, त्यापायी त्यांच्या विहिरींचे पाणी नासले. त्या गावांना यापुढे तोंड दाखवायचे असेल तर कचरा मुळातच कमी केला पाहिजे, आणि त्याची सुरुवात तुमच्या फळीवरून होते.

कायद्याचाही आधार तुम्हाला नाही. राज्य सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ची आहे: पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर ३१ डिसेंबर २०२२पासून देशभर बंदी आहे. वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांत केंद्राच्या २०२२च्या नियमांनी सुपरमार्केटच्या साखळ्यांचे नाव स्पष्ट घेतले आहे. स्वतःच्या नावाने डाळी आणि मसाले विकणाऱ्यांनी हा नियम पुन्हा एकदा वाचावा.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. फळे आणि भाज्या सुट्या ठेवा, वजनाला माणूस द्या. डाळी, तांदूळ, रवा, पोहे सुटे मिळू द्या आणि ग्राहकाच्या डब्याचे वजन वजा करून माल मोजा. पिशवी लागलीच तर कोऱ्या कागदाची द्या. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई पोटात जाते. दाराशी पट्टी आवळणे आजपासून बंद करा. सुट्या मालाचा भाव बांधलेल्या मालापेक्षा जास्त ठेवू नका. हे सगळे करणार की नाही, ते घटस्थापनेपर्यंत लेखी कळवा आणि दुकानाच्या दर्शनी भागात लावा.

उत्तर आले नाही, तर त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तुमच्या दुकानात येऊ. नेहमीसारखी खरेदी करू, पूर्ण पैसे देऊ, आणि बिल झाल्यावर तिथेच प्रत्येक वेष्टन सोडवून तुमच्यासमोर ठेवून जाऊ. मार्च २०१८मध्ये इंग्लंडमधल्या केनशम गावच्या ग्राहकांनी हेच केले आणि पुढे इतर देशांतल्या लोकांनी ते उचलले. पुण्याला तर बाहेरचा दाखलाही नको. इथल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी २०१३ साली वापरलेले सॅनिटरी नॅपकिन पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले होते. आमच्या रविवारची वेष्टने मोजून, फोटो काढून महापालिकेकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आम्ही तक्रार करू. दिवाळीची यादी त्याच आठवड्यात गल्लीतल्या वाण्याकडे जाईल, आणि ती परत तुमच्याकडे येईलच असे आम्ही धरून चाललेलो नाही.

सोसायट्यांतल्या बंधुभगिनींना विनंती: त्या रविवारी घरातले डबे आणि पिशव्या घेऊन या, बिल जपून ठेवा, कशाचीही नासधूस करू नका. आणि काउंटरवरच्या मुलामुलींवर आवाज चढवू नका. वेष्टनाचा निर्णय त्यांनी घेतलेला नाही.