सुनेचा कशिदा आणि पोकळ नळी

आमची धाकटी सून धारवाडची. तिच्या आईनं तिला कसुती शिकवली. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाके घालत जायचं. खाली नक्षी काढून घ्यायची नाही, धाग्याला गाठ मारायची नाही. इरकल साडीच्या पदरावर तिनं गोपुर आणि तुळशीवृंदावन भरलं, त्यात दोन महिने गेले. मोबाईलवर फोटो काढून पुण्याच्या एका बाईंना पाठवला, तर उत्तर आलं, ‘हे मशीनचं दिसतंय. एवढे पैसे कशाचे?’

त्या रात्री ती नीट जेवली नाही. ‘मावा, इदु मशीनिंदु अल्लरी,’ एवढंच म्हणाली. सुई-दोरा डब्यात गेला.

मी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला. लग्न-मुंजी पुष्कळ काढल्या, पण टाका कधी काढला नव्हता. खरी मॅक्रो लेन्स महाग. म्हटलं, घरात ५० मिलिमीटरची लेन्स आहे, तिलाच एक्स्टेन्शन ट्यूब लावू. ही ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नसते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली की लेन्स पुढे सरकते आणि वस्तूच्या अगदी जवळ जाता येतं.

हिशेब सोपा आहे. नळीची लांबी भागिले लेन्सचे मिलिमीटर. ५० च्या लेन्सला २५ ची नळी लावली तर सेन्सरवर वस्तू निम्म्या आकाराची उमटते. १०० च्या लेन्सला तीच नळी लावली तर पाव पट. म्हणून नळी छोट्या लेन्सला जास्त उपयोगी. मात्र १८ मिलिमीटरसारख्या रुंद लेन्सला लांब नळी लावू नका, फोकस लेन्सच्या आतच पडतो.

पहिली चूक मी केलीच. स्वस्त म्हणून बिनतारेची नळी आणली. तिच्यात विजेचे संपर्क नव्हते, त्यामुळे कॅमेऱ्याचा हुकूम लेन्सला पोचेना. अॅपर्चर सताड उघडं राहिलं. एक टाका स्पष्ट, शेजारचा पुसट. अॅपर्चरची कडी लेन्सवरच असलेली जुनी लेन्स असेल तर अशी नळी चालते. आजकालच्या लेन्सला संपर्क असलेलीच घ्यावी.

दुसरी नळी आणली. साडी पाटावर ताणून बसवली, कॅमेरा तिपाईवर बरोबर समोर, अॅपर्चर ८, दोन सेकंदांचा टायमर. नळीमुळे सेन्सरवर निम्म्याहून कमी उजेड पोचतो, म्हणून वेळ वाढवावा लागला. लेन्स आणि कापडात वीतभरही अंतर नव्हतं, लेन्सचीच सावली पडायची. मग पाट खिडकीशी नेला. एका बाजूनं तिरपा उजेड आला आणि टाके कापडावरून उठून दिसले.

मग साडी उलटली आणि मागचाही फोटो काढला. गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. मशीनच्या भरतकामाची उलटी बाजू मात्र वेगळी, तिथं खालच्या दोऱ्याचं जाळं दिसतं. दोन फोटो शेजारी ठेवले, की सांगायला काही उरत नाही.

सूनबाईंनी पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. गोपुराच्या कोपऱ्यात एक धागा चुकला होता. ‘मावा, हा फोटो नको.’ मी म्हटलं, ‘राहू दे, हाताचं आहे म्हणून चुकलं.’ ती हसली नाही. ‘हाताचं आहे म्हणून चुकलं तर चालतं, असं आई कधी म्हणाली नाही.’ दोन दिवस बसून तिनं तो कोपरा उसवला आणि पुन्हा भरला. मी पुन्हा फोटो काढले.

वाचकहो, घरात कुणी कशिदा, नाणी, चपटं नक्षीकाम विकत असेल तर नळी पुरे. नथ, ठुशी यांना खोली असते. त्यांना ९० किंवा १०० ची मॅक्रो लेन्स बरी. अंतर जास्त मिळतं, सोन्यावर उजेड नीट पाडता येतो.

पुण्याच्या बाईंनी फोटो पाहिले, पण साडी घेतली नाही. तो डबा मात्र आता पुन्हा खिडकीशी असतो, आणि प्रत्येक साडीचे दोन फोटो जातात, सुलट आणि उलट.