समुद्र तापला तर शार्कची पिल्लं वेळेआधी का जन्मतात?

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर इपॉलेट नावाचा एक छोटा शार्क राहतो. लांबी जेमतेम मीटरभर. ओहोटीला पाणी उतरलं, की तो परांवर रेटा देत खडकांमधून चक्क चालतो. उथळ डबक्यातला ऑक्सिजन जवळपास संपला, तरी काही काळ तग धरतो. इतका चिवट प्राणी समुद्राचं वाढतं तापमानही सोसेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रयोगात मात्र वेगळंच दिसलं.

प्रयोग काय होता?

ऑस्ट्रेलियातलं जेम्स कुक विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या बोस्टनचं न्यू इंग्लंड मत्स्यालय इथल्या संशोधकांनी या शार्कची अंडी २७, २९ आणि ३१ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात वाढवली. २७ अंश हे रीफवरचं सध्याचं उन्हाळ्यातलं सरासरी तापमान. ३१ अंशांपर्यंत ते या शतकाच्या अखेरीस जाऊ शकतं. निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

२७ अंशांना पिल्लं सुमारे १२५ दिवसांनी बाहेर आली, ३१ अंशांना सुमारे १०० दिवसांतच. पण ही पिल्लं आकाराने लहान आणि थकलेली होती.

असं का होतं?

बहुतेक शार्कच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलतं. पाणी तापलं की शरीरातल्या क्रिया वेगाने होतात आणि ऊर्जा जास्त खर्च होते. अंड्यातल्या पिल्लाची शिदोरी म्हणजे फक्त बलक. तो लवकर संपला, की पिल्लाला जन्मल्याबरोबर अन्न शोधावं लागतं आणि तेव्हाच अंगात ताकद नसते.

मोठा शार्क थंड पाण्याकडे जाऊ शकतो. अंडं मात्र चार महिने एकाच जागी असतं.

मग मासेमारी रोखणं पुरेसं आहे का?

ती रोखणं गरजेचं आहेच. ‘नेचर’मधल्या २०२१ च्या अभ्यासानुसार, खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. त्यामागचं मुख्य कारण बेसुमार मासेमारी हेच आहे. शार्क उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्लंही कमी होतात. त्यामुळे संख्या सावरायला वेळ लागतो, तसाच नव्या तापमानाशी जुळवून घ्यायलाही अनेक पिढ्या जातात. संरक्षित क्षेत्रात जाळी अडवता येतात, गरम पाणी अडवता येत नाही.

आपल्याशी याचा काय संबंध?

कोकणात शार्कला मुशी म्हणतात. इपॉलेटच्याच कुळातले, अंडी घालणारे बांबू शार्क भारताच्या किनाऱ्यावरही आढळतात. भारताने २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. हा नियम पकडलेल्या शार्कच्या व्यापारापुरता आहे. वरचा प्रयोग एकाच जातीवर झाला असल्यामुळे त्यातले आकडे इतर जातींना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. म्हणूनच आपल्या किनाऱ्यावरच्या शार्कची अंडी कुठे असतात आणि किती उष्णता सोसतात, हे तपासणं संरक्षणाचाच भाग मानायला हवं. कार्बन उत्सर्जन कमी होईपर्यंत शार्कना वेळ मिळवून देण्याचा तोच मार्ग आहे.