अभयदानाचा हिशेब



गेल्या दशलक्षण पर्वात बस्तीतून परतताना एका आक्कांनी मला वाटेत गाठले. "काय हो, तुमच्या घरी म्हणे सरडा पाळलाय? सांगलीत एवढी गाई-वासरं, कुत्री-मांजरं आहेत, ती दिसली नाहीत?" मी म्हटले, "आक्का, पाळला नाही, सांभाळलाय." त्या हसल्या, मीही हसले. पण माझे उत्तर अपुरे होते हे मला ठाऊक होते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी माझी एक चूक सांगते, कारण मूळ तिथे आहे. २००९ साली माझा मुलगा शाळेत असताना बाजारातून दोन कासवे घेऊन आला. रुपयाच्या नाण्याएवढी, हिरवीगार, कानशिलावर लाल पट्टा. घरात कासव म्हणजे बरकत, असे दुकानदाराने सांगितलेले. दीड वर्षात ती बशीएवढी झाली. टोपातले पाणी रोज वास मारू लागले. मग महावीर जयंतीच्या सकाळी आम्ही ती कृष्णेच्या घाटावर नेली, णमोकार म्हटला आणि पाण्यात सोडली. शेजारच्या मुलांना बत्तासे वाटले. अभयदान केले म्हणून दिवसभर मन कसे हलके होते!

पुढे बऱ्याच वर्षांनी कळले की ती कासवे आपल्याकडची नव्हतीच. त्यांना रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागातली आणि मेक्सिकोच्या उत्तरेकडची. पूर्ण वाढली की पाठ २५ ते ३० सेंटिमीटर, आयुष्य ३० वर्षांच्या आसपास. नदी-तळ्यात सोडली की मासे, बेडकांची पिल्ले, किडे जे मिळेल ते खातात, आणि आपल्या कासवांची उन्हाला बसायची जागाही बळकावतात. जगभरात सर्वाधिक उपद्रवी ठरलेल्या १०० परक्या जीवांची एक यादी आहे, तिच्यात हे कासव आहे. म्हणजे दोन जीव सोडले म्हणून मी बत्तासे वाटले, आणि नदीतल्या किती जिवांवर संकट सोडले त्याची मोजदादच नाही. नंतर पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला गेले. विसाव्या तीर्थंकरांचे लांछन कासव. तिथे हात जोडले तेव्हा कृष्णेचा घाट आठवला आणि मान वर होईना.

आपल्या समाजात पर्वाच्या दिवशी बाजारातून जीव विकत घेऊन सोडायची पद्धत आहे. भाव चांगला असतो, यात शंका नाही. पण मी कॉमर्सची पदवीधर, मला व्यवहाराची दुसरी बाजूही दिसते. आपण सोडण्यासाठी घेतले काय किंवा खेळवण्यासाठी घेतले काय, दुकानदाराच्या वहीत ती विक्रीच. रिकामी झालेली टोपली तो पुढच्या आठवड्यात भरतो, आणि त्या भरण्यात वाटेत मेलेल्या जिवांचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. असे जीव पाळायला विकत घेऊ नयेत आणि पुण्यासाठी विकत घेऊन सोडूही नयेत. दया करायचीच असेल, तर ज्याला कोणीतरी हौसेने आणून टाकून दिले आहे अशा जिवाला घर द्यावे. तेही घर तयार झाल्यावरच.

पण कुठल्या जिवाला? इथे भावनेच्या भरात जाऊ नका.

आपल्या देशातली कासवे, घोरपड, साप घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेले कासव लोक लक्ष्मी म्हणून लपवून ठेवतात. ते कोणी दयेपोटी दिले तरी घेऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्यांच्या हवाली करावे.

दुसरे म्हणजे मांसाहारी प्राणी. पार्श्वनाथांचे लांछन सर्प, मग परदेशी अजगर सांभाळला तर काय हरकत, असे मला एकीने विचारले. हरकत ही की त्याला उंदीर लागतात. कित्येक सुंदर पाली-सरड्यांना जिवंत किडे लागतात. स्लायडर कासवाच्या तयार खाद्यात मासळीची भुकटी असते. आपल्या हाताने ठरवून एक जीव मारून दुसरा जगवणे ही संकल्पी हिंसा. आणि त्यांना सक्तीने दूध-भात, पनीर खाऊ घालून 'जैन' करणे ही त्याहून क्रूर गोष्ट, कारण ते कुपोषणाने झिजून मरतात. असा प्राणी आपण घेऊ नये आणि नाही म्हणताना मनात अपराधीपणही ठेवू नये. ज्यांच्या घरी ते जमते त्यांना दिवा, टाकी, डॉक्टरचा खर्च यासाठी मदत द्यावी.

उरतात ते पाला खाणारे. त्यातही आफ्रिकेतले सुलकाटा कासव गवत-पाल्यावर जगते खरे, पण ४०-५० किलोचे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे ते काम नव्हे. आमच्या वाट्याला आला तो इग्वाना. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला झाडावर राहणारा मोठा हिरवा सरडा, पूर्ण शाकाहारी. मांस दिले तर उलट त्याची मूत्रपिंडे बिघडतात.

माझा भाचा पुण्यात एका प्राणिमित्र संस्थेत सुट्टीच्या दिवशी काम करतो. भाड्याचे घर सोडताना कोणीतरी या प्राण्याला तीन फुटी काचेच्या टाकीत ठेवून गेले होते. पुढचे दोन पाय वाकलेले, जबडा मऊ पडलेला. सहा वर्षांचा असावा, असा अंदाज. भाच्याने फोटो दाखवला आणि म्हणाला, "मामी, तुमच्याकडे वरची खोली रिकामी आहे ना?" मी भावनेच्या भरात हो म्हणून बसले. संस्थेने मात्र लगेच दिला नाही. आधी घर तयार करा, आठवडाभर त्यातले तापमान लिहून पाठवा, मग पाहू, असे सांगितले. तेव्हा राग आला होता. आज वाटते, मुलीचे स्थळ पाहतानाही इतकी चौकशी करावी.

सुताराकडून सहा फूट उंच, सहा फूट रुंद, तीन फूट खोल कपाट करून घेतले. पुढे जाळीचे दार, आत पेरूच्या जाड फांद्या आडव्या-तिरप्या बसवल्या, कारण हा प्राणी जमिनीवर नव्हे, उंचावर राहतो. वरच्या फांदीजवळ उष्णतेचा दिवा, तिथे ३२ ते ३५ अंश, आणि खालच्या कोपऱ्यात गारवा. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, म्हणून ऊन-सावली निवडायची सोय त्याला हवी. दिव्याला जाळीचे आवरण घातले, नाहीतर अंग भाजते. सांगलीच्या थंडीत रात्री पारा खूप उतरतो आणि त्याला २४ अंशांखाली नको, म्हणून उजेड न पाडणारा हीटर आणि थर्मोस्टॅट बसवला. हवा दमट राहावी म्हणून दिवसातून दोनतीनदा पाण्याचा फवारा.

सगळ्यात महत्त्वाचा यूव्हीबीचा दिवा. त्या किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. टाकून दिलेल्या सरड्यांची हीच दुर्दशा असते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. आणि दिवा पेटलेला दिसतो तरी सहा ते बारा महिन्यांत त्याचे किरण संपतात. आम्ही कॉलेजात घसारा शिकलो, तो मला या दिव्याने खरा समजावला. वस्तू जागेवर दिसते, पण तिचे मूल्य शून्य झालेले असते.

आता मुद्द्याचे. श्राविका म्हणून आपण अहिंसाणुव्रत घेतो. त्याचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, फार भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. मी हे लहानपणापासून पाठ म्हणत आले, पण डोळ्यांसमोर नेहमी बैल आणि घोडागाडी येई. पाचूला (हे आम्ही ठेवलेले नाव) त्या काचेच्या टाकीत पाहिल्यावर कळले की अपुरी जागा हा बंध आहे आणि चुकीचा आहार हा अन्नपाननिरोध. आधीच्या घरी त्याला रोज पोट भरून पालक-काकडी मिळत होती. काकडीत फारसे काही नसते आणि पालकातली द्रव्ये कॅल्शियम अंगी लागू देत नाहीत. पोट भरलेले, तरी उपासमार चालू. त्याला मारले कोणीच नव्हते, तरी पाय वाकले होते.

याच मुद्द्यावर माझी स्वतःची परीक्षा झाली. अष्टमी-चतुर्दशीला आमच्या घरी हिरवी भाजी चिरत नाहीत. चातुर्मासात पालेभाजी बंद असते. पाचूला तर रोज शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची फुले, दुधी-भोपळ्याचा कीस लागतो. पहिल्या चतुर्दशीला विळी हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले. शेवटी मनाशी ठरवले की हा नियम मी माझ्या इच्छेने घेतला आहे, त्याने घेतलेला नाही. माझा त्याग त्याच्या पोटावर लादला, तर तो त्याग राहत नाही. पाला मात्र नीट शोधून, निवडून, किडा-अळी बाजूला ठेवूनच चिरते. तुमच्यापैकी कोणाला हे पटणार नाही, तो मान मी ठेवते. ज्यांना पटत नाही त्यांनी हा प्राणी आणू नये, एवढेच म्हणणे. गंमत म्हणजे रात्रिभोजन त्यागात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. सकाळी खातो, दुपारभर उबेत बसून पचवतो आणि अंधार पडला की तोंड मिटतो.

देव्हारा आणि चौक्याबद्दलची आक्कांची शंका मात्र रास्त आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी धडधाकट दिसला तरी. अमेरिकेत लहान मुले आजारी पडू लागली म्हणून १९७५ पासून १० सेंटिमीटरपेक्षा छोटी कासवे पाळायला विकण्यावर बंदी आहे. म्हणून पाचू वरच्या खोलीत, त्याची भांडी वेगळी, ती स्वयंपाकघराच्या मोरीत धूत नाही. हात साबणाने धुऊन, कपडे बदलूनच मी चौक्यात येते. मुनिसंघाचा आहार असतो त्या दिवशी त्याचे सगळे आमचे हे पाहतात. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर हा विचारच करू नका.

कागदपत्रेही नीट हवीत. इग्वाना परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असा प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. संस्थेचे पत्र आणि ती नोंद मी दागिन्यांच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवली आहे.

शेवटी ताळेबंद. कपाट, दिवे, पहिल्या तपासण्या हा एकदाचा खर्च. वीज, दिवे बदलणे, वर्षातून दोनदा पुण्याची फेरी (असे प्राणी जाणणारा डॉक्टर आमच्या जवळपास नाही) हा कायमचा. पण सगळ्यात मोठी रक्कम पैशाची नाही. इग्वाना १५ ते २० वर्षे जगतो. मी ६४ वर्षांची. तो म्हातारा होईल तेव्हा मी असेन का? म्हणून आणण्याआधी मी मुलाला नव्हे, सूनबाईंना विचारले, कारण माझ्यामागे पाला त्याच चिरणार. त्या दोन दिवस विचार करून म्हणाल्या, "आई, मला तो आवडेल असं नाही, पण त्याचं मी करीन." मला असाच होकार हवा होता.

हेही सांगते की तो माया लावत नाही. बोलावल्यावर येत नाही, मन नसेल तर शेपटीचा फटका मारतो. पाय वाकडे ते वाकडेच राहिले. जबडा मात्र घट्ट झाला आहे आणि हल्ली तो सर्वांत वरच्या फांदीवर जाऊन बसतो. त्याच्याकडून परत काही येणार नाही, हे मी आता मान्य केले आहे. दानात परतफेड धरायची नसते.

घाटावर कासवे सोडली तेव्हा अभयदान पाच मिनिटांत उरकले होते. आता रोज सकाळी पाला निवडताना ते थोडे थोडे होते. आक्का, एकदा वर येऊन त्याला बघून जा. चहा खाली देव्हाऱ्याजवळ बसून घेऊ.