‘मॅडम, गेमच तर आहे नं!’ : खऱ्या मरणाचा खेळ करावा का?



मुलं मोबाइलवर किती वेळ खेळतात, यावर आपण पालकसभेत तासन्‌तास बोलतो. डोळे बिघडतात, झोप होत नाही, अभ्यास बुडतो. सगळं खरं आहे. पण मूल जे खेळतंय ते कशावर बेतलेलं आहे, हे आपण सहसा विचारत नाही. आणि विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘मॅडम, गेमच तर आहे नं!’

राक्षस, झोंबी, परग्रहावरचे प्राणी मारायचे असतील तर हे उत्तर मला चालतं. पण जिथे खरोखर माणसं मेली, ज्यांचे आईवडील आणि लेकरं अजून हयात आहेत, अशा घटनेवर गेम निघतो तेव्हा ‘गेमच तर आहे’ एवढ्यावर भागत नाही. आज त्याबद्दल बोलू या.

उदाहरण आपल्याच देशातलं

१५ जून २०२० च्या रात्री लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी हातघाईची लढाई झाली. आपले २० जवान शहीद झाले. पुढे २ सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, ‘फौजी’ नावाच्या नव्या भारतीय गेमची घोषणा झाली. बंगळुरूच्या एनकोअर गेम्स या कंपनीचा हा गेम अभिनेते अक्षय कुमार यांनी जाहीर केला. निव्वळ उत्पन्नातला २० टक्के वाटा ‘भारत के वीर’ या निधीला देऊ, असंही सांगितलं गेलं. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला आणि त्याची सुरुवात होती गलवानच्या लढाईची.

आता तारखा नीट पाहा. गलवानची ती रात्र आणि गेमची घोषणा यांत तीन महिन्यांचंही अंतर नव्हतं. ज्या घरांत तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी आली, त्या घरांनी पहिली दिवाळीसुद्धा अजून पाहिली नव्हती.

गेम बनवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. जवानांबद्दल आदर वाटावा, हाच हेतू सांगितला गेला. तरीही आपण शिक्षक आहोत, म्हणून प्रश्न विचारणं आपलं काम आहे. गेम आपल्या देशाचा आहे, आपल्या बाजूचा आहे, एवढ्याने तो प्रश्नांतून सुटत नाही. परदेशी गेमला जो नियम लावू, तोच आपल्यालाही लावावा लागेल.

पण आपणही खेळतोच की!

इथे कोणी म्हणेल, दिवाळीत मुलं किल्ला करतात, मावळे मांडतात, पावनखिंड रचतात. तीही खरीच लढाई होती. बाजीप्रभू खरेच पडले, शिवा काशीद खरेच मारले गेले. मग किल्ला चालतो आणि मोबाइलवरचा गेम का चालत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर शोधताना दोन गोष्टी सापडतात. पहिली म्हणजे काळ. पावनखिंड १६६० ची. त्या दुःखाला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, आता तो समाजाचा इतिहास आहे, कुणा एका घरची ओली जखम नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. किल्ल्यावर मावळा ठेवताना मूल त्याचं नाव विचारतं. आजी, काका, शेजारचे दादा गोष्ट सांगतात. बाजीप्रभू किती जणांना मारून पडले याचे गुण कोणी मोजत नाही. ते कशासाठी थांबले, हे सांगितलं जातं. म्हणजे खेळ आठवणीकडे नेतो.

खेळ म्हणून वाईट असं काही नसतं. तो आपल्याला मेलेल्या माणसाच्या जवळ नेतो की त्याला फक्त ‘टार्गेट’ करून टाकतो, हा खरा मुद्दा आहे.

जगात काय झालं?

अमेरिकेत २० एप्रिल १९९९ ला कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. २००५ मध्ये डॅनी लेडोन या तरुणाने त्यावर एक साधा, जुन्या धाटणीचा गेम बनवून मोफत टाकला. त्यात खेळणारा त्या दोन मारेकऱ्यांच्याच भूमिकेत असतो. प्रचंड संताप झाला. २००७ मध्ये स्लॅमडान्स महोत्सवाच्या स्पर्धेतून तो काढून टाकला, तेव्हा इतर काही गेम बनवणाऱ्यांनी निषेध म्हणून आपलेही गेम मागे घेतले. हल्ल्यात कायमचा जायबंदी झालेल्या एका विद्यार्थ्याने मात्र गेम खेळून पाहिला आणि त्यातून विचार करायला काही मिळतं, असं मत दिलं. म्हणजे पीडितांमध्येही एकच मत असतं असं नाही. आपण त्यांच्या वतीने परस्पर बोलू नये, हेही यातून शिकण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण इराकमधल्या फलुजा शहराचं. २००४ मध्ये तिथे घनघोर लढाई झाली. त्यावरचा ‘सिक्स डेज इन फलुजा’ हा गेम कोनामी कंपनीने २००९ मध्ये टीकेनंतर सोडून दिला. २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो पुन्हा हाती घेतला आणि २०२३ मध्ये तो लोकांच्या हाती आला. अमेरिकी सैनिकांच्या मुलाखतींवर तो उभा आहे. टीकाकारांचा आक्षेप सरळ होता : ज्या शहरातली सामान्य माणसं त्या लढाईत मेली, त्यांची बाजू कुठे आहे?

आणि न्यूझीलंड. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये ५१ जणांना ठार मारलं गेलं. हल्लेखोराने हल्ल्याचा काही भाग थेट प्रक्षेपित केला होता. त्याचं उदात्तीकरण करणाऱ्या एका गेमवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या सेन्सॉर प्रमुखांनी बंदी घातली. अशा गेमबद्दल माझ्या मनात काहीच द्विधा नाही. हा कचरा आहे आणि त्याची जागा कचऱ्यातच आहे.

पण जाता जाता चौथंही उदाहरण ऐका. पोलंडच्या एका कंपनीने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम काढला. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात अडकलेली दोन-चार साधी माणसं असतो. औषध कोणाला द्यायचं, अन्न चोरायचं की उपाशी राहायचं, हे ठरवावं लागतं. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचन-यादीत घेण्याचं जाहीर केलं, तेही १८ वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. युद्धाची किंमत कळावी म्हणून एक गेम शाळेत येऊ शकतो! म्हणून ‘सगळे गेम बंद करा’ असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी नाही.

नागपूरकरांनो, आता घरचं घ्या

दूरचं दुःख तोलायला सोपं असतं. म्हणून आपल्याच गावाकडे वळू.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचे हजारो लोक लेकराबाळांसह मोर्च्याने विधानभवनाकडे निघाले होते. पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. आपली मुलं रोज त्या पुलावरून शाळेत, शिकवणीला जातात. किती जणांना ते नाव कशाचं आहे हे माहीत आहे, एकदा विचारून पाहा.

आता कल्पना करा, उद्या कोणी ‘मोर्चा पांगवा’ नावाचा गेम काढला. हातात लाठी, समोर गर्दी. जितके मागे हटवाल तितके गुण. तीन मिनिटांत रस्ता मोकळा केला तर बोनस. आपल्यापैकी एकालाही तो चालेल का? अंगावर काटा येतो, नाही का? का येतो, तर ते लोक आपल्या ओळखीचे आहेत. कामठी, रामटेक, भंडारा, गोंदियाकडचे. त्यांच्यापैकी कोणाचं लेकरू आपल्या वर्गात बसलेलं असू शकतं.

हाच काटा सारायेव्होच्या, फलुजाच्या, क्राइस्टचर्चच्या माणसांसाठीही यायला हवा. एवढंच माझं म्हणणं आहे.

उलट, कोणी असा गेम केला की ज्यात आपण एक आई आहोत, हातात लेकरू आहे, गर्दी दाटत चालली आहे आणि बाहेर पडायचा रस्ता शोधायचा आहे, तर? मला वाटतं, त्यावर विचार होऊ शकतो. पण एका अटीवर. दरवर्षी २३ नोव्हेंबरला स्मारकापाशी जमणाऱ्या त्या लोकांना आधी विचारलं गेलं पाहिजे. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर विषय तिथेच संपला पाहिजे.

चार प्रश्न

असा कुठलाही गेम (खरं तर सिनेमा आणि वेब सिरीजही) समोर आला की मी हे चार प्रश्न विचारते. तुम्हीही विचारून पाहा.

१. मी कोणाच्या भूमिकेत आहे? मारणाऱ्याच्या, वाचवणाऱ्याच्या, की वाचू पाहणाऱ्याच्या?

२. गुण कशाचे मिळतात? जे केल्यावर स्क्रीनवर चांदण्या उडतात, तेच तो गेम शिकवत असतो. बाकी सगळा मुलामा.

३. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना विचारलं का? आणि पुरेसा काळ गेला का?

४. पैसा कोणाला मिळतो? दुःख एकाचं आणि कमाई दुसऱ्याची, असं तर नाही ना?

तिसऱ्या प्रश्नावरून २००८ ची आठवण होते. २६/११ चा हल्ला संपून एकच दिवस झाला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचे अभिनेते पुत्र रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. महाराष्ट्र खवळला. काही दिवसांतच विलासरावांना पद सोडावं लागलं, त्यात या भेटीवरच्या टीकेचाही वाटा होता. तेव्हा लोकांना कोणी नीतिशास्त्र शिकवलं नव्हतं. राख गरम असताना तिथे कथानक शोधत फिरू नये, हे साध्या माणसाला आपसूक कळलं होतं. तेच शहाणपण मोबाइलच्या बाबतीत का विसरायचं?

‘पुस्तकात, सिनेमात चालतं मग गेममध्येच का नाही?’

मोठ्या वर्गातली मुलं हे विचारतातच. विचारायलाच हवं. सिनेमात आपण बघतो, गेममध्ये बोट आपलं असतं. फरक तेवढाच, पण मोठा. त्याच फरकामुळे गेम जास्त दुखावू शकतो आणि जास्त शिकवूही शकतो.

गेम खेळून मुलं खरोखर हिंसक होतात का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणून माझा मुद्दा त्या भीतीवर उभा नाही. उद्या सिद्ध झालं की मुलांवर काहीही परिणाम होत नाही, तरी कुणाच्या मरणावर गुण मोजणं मला चूकच वाटेल. मयतीच्या घरासमोरून वरात जाताना वाजंत्री थांबवतात. ती वाजवल्याने मेलेला काही उठून बसणार नसतो. तरी थांबवतात. ती माणुसकीची रीत आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. गेमसाठी तशी तपासणी करणारं मंडळ नाही. प्ले स्टोअरवर जो वयाचा आकडा दिसतो, तो गेम बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. त्यामुळे चाळणी आपल्यालाच लावावी लागेल.

शिक्षकांसाठी : आठवी ते दहावीच्या वर्गात एक तास द्या. मोबाइल नको, खडू-फळा पुरे. मुलांचे गट करा आणि सांगा, ‘२६/११ च्या रात्रीवर गेम करायचा आहे, पण त्यात बंदूक चालवायची नाही. तुम्ही कोणाची भूमिका घ्याल?’ मग माहिती द्या. सीएसएमटी स्थानकावरचे उद्घोषक विष्णू झेंडे, ज्यांनी जागा न सोडता माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं. कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे, ज्यांनी वीस गर्भवती बायकांना सुरक्षित ठेवलं. गिरगाव चौपाटीवर रायफलची नळी घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे, ज्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. नंतर शेवटचा प्रश्न टाका : ‘हा गेम करण्याआधी कोणाकोणाची परवानगी घ्याल?’ यादी मुलांनाच लिहू द्या. त्या यादीत ‘कंपनी’च्या आधी ‘घरचे लोक’ आलं, की समजा तास कामी आला.

पालकांसाठी : मोबाइल हिसकावू नका. दहा मिनिटं शेजारी बसा. ‘हा कोण आहे? तू कोणाला मारतोय? हे खरंच झालं होतं का?’ एवढंच विचारा. रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी खेळणारेच नवनवे खेळ बनवतात. २०२१ मध्ये तिथे क्राइस्टचर्चच्या हल्ल्याच्या नकलाही सापडल्या होत्या. तेव्हा मूल काय खेळतं याबरोबरच काय बनवतं, तेही बघा.

आणि येत्या रविवारी जमलं तर मुलांना घेऊन झिरो माइलच्या गोवारी स्मारकापाशी जा. भाषण नको, लेक्चर नको. फक्त सांगा की इथे ११४ माणसं गेली आणि त्यांतली कितीतरी तुमच्याएवढीच होती. ते ऐकलेलं पोट्टं पुढच्या वेळी असा एखादा गेम सुरू करताना क्षणभर तरी थांबेल. तेवढा क्षण आपण त्याला दिला, तरी शिक्षक आणि पालक म्हणून पुष्कळ झालं.